आप्पांचं मशीन, गावची जत्रा आणि गेलेली लाइट

गावाला परत राहायला जायचंय, असं आप्पा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा विषय बदलला. तिसऱ्यांदा त्यांनी जेवताना, हातातला घास तसाच ठेवून सांगितलं, तेव्हा मला पळायला जागाच उरली नाही.

"बघ नंदे, इथं वाईट काही नाही. पण इथं मी पाहुणाच आहे."

आप्पा म्हणजे माझे वडील. विट्याकडच्या कितीतरी माणसांसारखं त्यांचं आयुष्य गलाईच्या दुकानात गेलं. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, ते गलाईचं काम. आमचं दुकान त्रिचीला. तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या धुरात इतकी वर्षं काढल्यावर छाती काय म्हणणार? आता त्यांना झोपताना आणि दिवसातूनही काही वेळ ऑक्सिजनचं मशीन लावावं लागतं. ते विजेवर चालतं. आई गेल्यावर दुकान माझ्या धाकट्या भावाच्या, प्रकाशच्या हाती देऊन आप्पा पुण्यात माझ्याकडे आले. सातवा मजला, लिफ्ट, जनरेटर. मशीनची उत्तम सोय होती, मशीनवाल्याची मात्र नव्हती.

प्रकाशला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, गावात लाइट टिकते का कधी? दर जत्रेला आपण बॅटरीच्या उजेडात जेवतो. मशीन कशावर चालवणार?" खोटं नव्हतं ते. गाव म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर येतो तो अंधारात वाढलेला भात आणि कुणीतरी ओरडून मागितलेली काडेपेटी.

मग आम्ही तिघांनी करार केला. आप्पांना घेऊन गावातल्या आमच्या घरात आठवडाभर राहायचं. लाइटने साथ दिली तर त्यांनी खुशाल तिथे राहावं. नाही दिली तर परत पुण्याला, आणि हा विषय कायमचा बंद. आप्पा पक्के दुकानदार. म्हणाले, "ठरलं. पण निकाल लागल्यावर कुरकुर नाही. तूही करायची नाहीस, मीही करणार नाही."

कधी जायचं हा प्रश्नच नव्हता. आमच्यात गावाला जायचं म्हणजे जत्रेलाच जायचं. आमची जत्रा जानेवारीत असते, तेव्हा प्रकाशही त्रिचीहून येणार होता, मलाही शाळेतून रजा मिळत होती. दुसरा एखादा आठवडा निवडावा असं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

असं मशीन घेऊन प्रवास करणारे कुणी हे वाचत असतील तर सांगते. आधी डॉक्टरांना विचारा. मशीन मोठ्या बॅगेएवढं असतं, ते डिकीत आडवं न टाकता उभं ठेवा. वाटेसाठी छोटा सिलिंडर लागतो, तो सीटमागे पट्ट्याने घट्ट बांधा. आणि खोली बुक करताना नाश्ता मिळेल का हे नंतर विचारा, जनरेटर आहे का हे आधी. साताऱ्यात मला असं हॉटेल बसस्टँडपासून जवळच मिळालं, दोन हजारांच्या आसपास. मॅनेजर माजी सैनिक. त्याने स्वतः वर येऊन मशीन लावायचा पॉइंट तपासला आणि आप्पांना सलाम ठोकला. आप्पांनी आयुष्यात बंदूक पाहिली असेल ती बँकेच्या दारातली, पण त्यांनीही ऐटीत सलाम परत केला.

साताऱ्यात मुक्काम करायचं कारण म्हणजे आप्पांना चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघायच्या होत्या. माझ्याकडे पुण्याला येता-जाता हायवेवरून लांबून दिसायच्या तशा नाही, अगदी जवळून. दुपारी निघालो. सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरकडे रस्ता चढत जातो. रस्ता अरुंद आहे पण चांगला आहे, फक्त वळणावर हॉर्न वाजवायला लाजू नका. वर पठारावर पोचलो तर नजर जाईल तिथवर पवनचक्क्या. आणि त्यातल्या बहुतेक ढिम्म उभ्या.

आप्पांचा चेहरा पडला. "बंद आहेत?"

चहाच्या टपरीवर एक बाई होत्या. त्या हसल्या. "बंद कशाला? वारं न्हाई आता. आखाडात या, मानूस उबं ऱ्हात न्हाई हितं. मंग बगा कशी गरागरा फिरत्यात."

मी भूगोल शिकवते. त्यामुळे असा मोका सुटत नाही. चहा पिता पिता आप्पांना सांगितलं, की वाऱ्याची वीज इथे पावसाळ्यात जास्त होते. आता हिवाळ्यात आभाळ निरभ्र, त्यामुळे उन्हाची वीज दिवसा चांगली. आणि त्या पलीकडच्या डोंगरांत कोयनेचं पाणी अडवलेलं आहे, ते लागेल तसं सोडून वीज करतात. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सगळे पाळीपाळीनं काम करतात. बरं आहे. एकट्यावर भार नाही." मग कप खाली ठेवून, "मग एवढं सगळं असून आपल्या गावात लाइट का जाते गं?"

भूगोलाच्या बाईंनी चहाचे पैसे दिले आणि गाडीची किल्ली काढली.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून, कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स घेऊन कराडच्या रस्त्याला लागलो. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांपासून सांभाळून चालवा. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा असेलच असं धरून चालू नका, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. कराडहून विट्याला जाणारा रस्ता आता इतका रुंद झालाय की मला दोनदा वाटलं आपण चुकलो. आई असताना याच वाटेवर मी एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत जायची. यंदा आप्पा शेजारी झोपून गेले.

कडेगाव मागे पडलं आणि ते जागे झाले. एरवी जत्रेला ते त्रिचीहून खालच्या बाजूने यायचे, या वाटेने कित्येक वर्षांत आले नव्हते. उठून बाहेर बघतच राहिले. डाव्या हाताला द्राक्षाच्या बागा, उजव्या हाताला ऊस. मधूनच कालवा, त्यात पाणी.

"गाडी थांबीव जरा."

थांबवली. ते काच खाली करून कालव्याकडे बघत बसले. मी वर्गात शिकवते की पाणी उताराकडे वाहतं. इथे कृष्णेचं पाणी मोठमोठ्या मोटारींनी टप्प्याटप्प्याने वर चढवलंय आणि पर्जन्यछायेतल्या माळावर आणून सोडलंय. पुस्तकात हे एका ओळीत येतं. आप्पांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

"मी गाव सोडलं तवा हितं कुसळं हुती," ते म्हणाले. "शेरडं बी राजी नसायची." पुण्यात आप्पा माझ्यासारखं बोलतात. विटा जवळ आलं की त्यांची भाषा आपोआप बदलते, आणि ती बदलली की मला समजतं, आता हे खूश आहेत.

गावाचं नाव सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून गावातले माझं डोकं खातील. विट्याच्या पुढे आहे एवढं पुरे. शिरताना दोन्ही बाजूंना गलाईवाल्यांचे बंगले लागतात. एकावर मदुराईकडची रंगरंगोटी, एकाला बंगाली थाटाचं फाटक. जो जिथे पैसा मिळवतो तिथली हौस गावात आणून बांधतो. एरवी या बंगल्यांना कुलपं असतात. जत्रेत मात्र दारोदार गाड्या, आणि नंबरपाट्या तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंतच्या. आमचा बंगला त्यातल्या त्यात साधा, पण गिझर आमच्याकडेही तीन आहेत. का आहेत ते विचारू नका.

गाडीतून उतरल्यापासून जो भेटेल तो आप्पांना दोन प्रश्न विचारत होता. "कवा आलासा?" आणि लगेच, "कवा जाणार?" पहिल्याचं उत्तर आप्पा मोठ्याने देत. दुसऱ्याला नुसतं म्हणत, "बघू." पाचव्यांदा हे झालं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. पाहुणा म्हणून राहायला नको म्हणून आलेल्या माणसाला सगळं गाव पाहुण्यासारखंच विचारत होतं.

पहिला दिवस छान गेला. मशीन घुरघुरत राहिलं, आप्पा शांत झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश, त्याची बायको आणि मुलं आली. पालखीचा दिवस. गाव माणसांनी फुलून गेलं. संध्याकाळी सगळेजण धुळीने माखून घरी परतले, अंघोळीसाठी नंबर लागले, स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. आप्पा दमले होते म्हणून मी त्यांना लवकर मशीन लावून दिलं.

देवळाच्या बाजूने फटाका फुटल्यासारखा आवाज आला. लाइट गेली.

इन्व्हर्टर एकदा केविलवाणा वाजला आणि तोही बंद पडला. वर्षभर कुलपातल्या घरात बॅटरी वाळून गेली होती, आणि ते आल्या आल्या बघायचं मला सुचलं नव्हतं. मशीनची घुरघुर थांबली. ती थांबल्यावर घर किती शांत होतं, ते मला कधी विसरता येणार नाही. मी सिलिंडर आणायला गाडीकडे धावले. खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. गावावर, प्रकाशवर, आणि ज्यांच्या हट्टापायी आम्ही इथे आलो त्या आप्पांवरही.

आप्पा नळी लावून घेताना एवढंच म्हणाले, "असू दे."

बाहेर मोटारसायकल थांबली. बापूकाका, आप्पांचे धाकटे भाऊ. ते आणि काकी गावात राहत नाहीत, रानातल्या वस्तीवर राहतात. "आवं दादा, वस्तीवर चला. आमच्याकडं हाय लाइट."

"इथे नाही आणि दोन किलोमीटरवर आहे?" मी विचारलं.

"तिकडला डीपी, त्यो ट्रान्सफार्मर, येगळा हाय. उचला ते मशीन."

उचललं. वस्तीवर खरोखरच अंगणात दिवा जळत होता. काकींनी पॉइंट दाखवला, मशीनला पिन लावली, हिरवा दिवा लागला, घुरघुर सुरू झाली. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. सुटले. इतकं हायसं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. प्रकाश माझ्याजवळ येऊन बसला. "म्हटलं नव्हतं?" असं तो म्हणाला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

जेवायला ज्वारीची भाकरी, वाटाण्याची उसळ आणि खर्डा होता. आप्पांनी नीट जेवून हात धुतला आणि मग म्हणाले, "निकाल लागला. परवा पुण्याला निघू. मी शब्द दिलाय."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मशीनचा आवाज ऐकत पडले तरी ते काही वाटेना. आप्पा कुरकुर करणार नाहीत हे मला माहीत होतं. पुढे रोज ते माझ्यासमोर जेवायला बसतील आणि एकदाही करणार नाहीत, याच विचाराने गलबलून आलं.

सकाळी काकी गोठ्यात धार काढत होत्या. मी चहाचा कप घेऊन तिथे उभी होते. सहज म्हणाले, "काकी, वर्षभर ही लाइटची कटकट कशी सोसता हो गावात?"

काकींनी मान वर केली. "कसली कटकट?"

"लाइट जाते ती."

"आगं, एरवी कशाला जातीया? तुमी लोकं येता आन घालवता." त्यांनी चरवी बाजूला ठेवली. "जत्रा आली की समदे बंगले उघडत्यात. सांजच्याला सगळ्यांच्या टाकीच्या मोटारी एकदम, गिझर एकदम. त्यो डीपी काय करंल? दरसाल त्यो उडतोय, आन दरसाल तुमी मुलखात जाऊन सांगता, आमच्या गावात लाइट टिकत न्हाई. आमी म्हणतो, सांगू देत. चार दिसाचं पाव्हणं."

मी कप तिथेच ठेवला. मग बापूकाकांना विचारलं, शेजारच्या वस्तीवर विचारलं, गावात जाऊन किराणा दुकानात विचारलं. सगळ्यांचं तेच. एरवी गावठाणात माणसं थोडी, लाइट गेलीच तर दुरुस्तीपुरती जाते, तेही बहुतेक आधी सांगून. शेतीला आता गायरानातल्या सोलरवरची वीज दिवसा मिळते, त्यामुळे बापूकाकांना पिकाला पाणी पाजायला रात्री रानात जावं लागत नाही. आमचं गाव बदलून गेलं होतं आणि ते बदललेलं बघायला आम्ही नेमके त्याच दिवशी येत होतो ज्या दिवशी आम्ही ते बिघडवतो. वर आदल्या संध्याकाळी माझ्याच घरात तीन गिझर, टाकीची मोटार आणि मिक्सर एका वेळी चालू होते.

मला हसू फुटलं. त्या हसण्यात काय काय होतं ते सांगता येणार नाही. धावत आप्पांकडे गेले.

"आप्पा, निकाल लागलेला नाही. परीक्षाच चुकीच्या दिवशी घेतलीय."

त्यांनी सगळं ऐकलं. डोळे बारीक करून म्हणाले, "मग? फेरपरीक्षा?"

"फेरपरीक्षा."

दुपारी देवळापुढच्या मांडवात बैठक होती. गलाईवाले सगळे एकत्र सापडतात ते जत्रेतच, म्हणून गावाचे सगळे विषय याच दिवशी निघतात. सरपंच आमच्यापेक्षा वयाने लहान, पण बोलायला खमकी बाई. आदल्या दिवशीच्या डीपीवरून सुरुवात झाली. कानपूरला दुकान असलेले एक काका उठून म्हणाले, "मोठा डीपी बसवून घ्या की."

"अर्ज दिलाय," सरपंचबाई म्हणाल्या. "पर तुमी मला सांगा, चार दिवसासाठनं? तुमी गेल्यावर त्यावर काय मी गिझर लावून बसू?"

मांडव हसला. कुणी म्हणालं जनरेटर आणा. कुणी म्हणालं प्रत्येकाने आपल्या गच्चीवर सोलर बसवावं, एवढ्या गच्च्या वर्षभर नुसत्या तापत पडतात. त्यावर काहींनी माना डोलावल्या, काही खर्च विचारायला लागले. वाद दोन्ही बाजूंनी वाढायला लागला तेव्हा आप्पा खुर्चीतूनच बोलले. त्यांचा आवाज आता मोठा निघत नाही, त्यामुळे मांडव शांत झाला.

"सोलर बसवा, मोठा डीपी आणा, समदं करा. त्याला येळ लागंल. पर आज सांजचं काय? कालव्याच्या पाण्याची तुमी पाळी लावता न्हवं? एकाचं रान भिजल्याबिगर दुसरा वाफ्याचं दार फोडत न्हाई. तशी गिझरची लावा."

पुन्हा हशा झाला. मग हळूहळू ओसरला. पाण्याच्या पाळीवर वाढलेली माणसं ती. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी जाणार यावर त्यांची भांडणंही होतात आणि निकालही लागतो. सरपंचबाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. टाकीच्या मोटारी सकाळीच भरून घ्यायच्या. वरच्या आळीने अंघोळी दुपारी उरकायच्या, खालच्या आळीने दिवेलागणीच्या आत. दिवे लागल्यावर गिझर कुणाचाच नाही.

त्या संध्याकाळी कुस्त्या संपल्या, दिवे लागले आणि देवळाच्या भोंग्यावरून आवाज आला, "कानपूरवाल्यांनी आपला गिझर बंद करावा. पाळी संपलेली आहे." सगळ्या गावाने ऐकलं. थोड्या वेळाने पुन्हा, "वैनी आत असतील तर त्यांचं उरकून घ्या, मग बंद करा." लाइट एकदा मंद झाली आणि पुन्हा नीट झाली. आप्पा आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर झोपले.

जत्रा संपली. गाड्या एकेक करून निघाल्या. प्रकाश निघताना आप्पांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "गच्चीवर सोलर आणि बॅटरी बसवून घेऊ. पैशाचं मी बघतो. वस्तीवरही एक पॉइंट कायमचा करून ठेव." बंगल्यांना कुलपं लागली. मी रजा आठवडाभर वाढवून घेतली. मी आणि आप्पा मागे राहिलो, आणि खऱ्या परीक्षेला सुरुवात झाली.

त्या दिवसांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, आणि तीच तर चांगली बातमी आहे. लाइट होती. एका दुपारी दुरुस्तीसाठी गेली, सकाळीच निरोप आला होता, तेवढा वेळ आप्पा कट्ट्यावर गप्पा मारत बसले. मी विट्याला जाऊन इन्व्हर्टरची नवी बॅटरी आणली. तिथलं हॉस्पिटल पाहून ठेवलं, सिलिंडर भरून कुठे मिळतो ते विचारून घेतलं. बापूकाका रोज झोपायला गावातल्या घरी येणार, सकाळी वस्तीवर जाणार, असं त्यांनी आपणहून ठरवलं. माझी काळजी पूर्ण गेली असं नाही म्हणणार. पण छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं खरं.

निघायच्या सकाळी आप्पांना घेऊन किराणा दुकानात गेले, त्यांचं सामान भरायला. दुकानदाराने मला विचारलं, "कवा जाणार?"

"आत्ता निघतेय."

मग तो आप्पांकडे वळला. मी त्याच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. तो म्हणाला, "तुमाला रोज दूध किती लागंल, दादा? पोराला आत्ताच सांगून ठेवतो."

आप्पा म्हणाले, "अर्धा लिटर." आणि पिशवीत काहीतरी शोधायला खाली वाकले. ते बराच वेळ शोधत होते.

परतताना मी मुद्दाम तासगाव, इस्लामपूर असा लांबचा रस्ता घेतला. एकटीच होते, घाई नव्हती. तासगावकडे द्राक्षं उतरायला लागली होती, रस्त्याकडेला घेतली तर पुण्यापेक्षा स्वस्त आणि गोड. इस्लामपूरच्या अलीकडे कारखान्यांच्या धुराड्यांचा वास सुरू होतो. इथे उसाच्या चिपाडावरही वीज करतात. विजेने पाणी वर चढतं, पाण्यावर ऊस होतो आणि उसाचं चिपाड परत वीज देतं. आप्पा शेजारी असते तर म्हणाले असते, पाळीपाळीनं. मी ते स्वतःशीच म्हणून पाहिलं. टोल, पेट्रोल, हॉटेल धरून एका माणसाला हा दौरा काही फार महाग पडत नाही. जायचं असेल तर हिवाळ्यात जा. पवनचक्क्या फिरताना बघायच्या असतील तर मात्र पावसाळ्यात, आणि छत्रीच्या भरवशावर राहू नका.

घरी आले तेव्हा आप्पांच्या खोलीतल्या भिंतीवरचा पॉइंट रिकामा होता. पहिल्या रात्री घुरघुर नाही म्हणून मला दोनदा जाग आली. दुसऱ्या रात्री एकदाच. फोन मात्र रोज होतो. सुरुवातीला मी पहिला प्रश्न विचारायची, "लाइट आहे ना?" हळूहळू तो प्रश्न मागे पडला आणि आता आम्ही दुधाबद्दल, काकींच्या म्हशीबद्दल आणि सरपंचबाईंनी कुणाला झापलं याबद्दल बोलतो. गच्चीवर सोलर बसलं. त्याच्याखाली सावली पडते म्हणून आप्पांनी तिथे खुर्ची टाकली आहे.

परवा ते म्हणाले, "नंदे, पुढच्या जत्रेला कवा येणार?"

"बघू," मी म्हणाले. "रजा मिळाली की सांगते."

"बघू न्हवं. आत्ता सांग. पाळी लावायचं काम यंदा माझ्याकडं हाय." आणि मग सरळ दुकानदाराच्या आवाजात, "तुमी पाव्हणं लोक एकदम येता आन आमची लाइट घालवता. तुझी अंघोळ दुपारी धरतो."

मी म्हटलं, धरा.